कॉलेजची नोकरी नको म्हणाले

आण्णा,
भाकरी टोपल्यात हाय. मी परळीला, क्लबच्या स्विमिंग टँकवर शिकवायला चालले. कॉलेजच्या कोचची नोकरी नको म्हणून मी काल कळवलं. तुमच्या तोंडावर सांगायचं धाडस झालं न्हाई. चिडा, पर जेवून चिडा.

कॉलेजात पोहता येणारीच पोरं येतात. क्लबात पाण्याला भ्यालेली लहान-मोठी सगळी येतात. मला तीच पायजेत.

मी विहिरीत शिकत होते, तवा माझ्या कमरेचा दोर धरून तुमी काठावर उभे असायचात. तुमालाच पोहता येत न्हाई, हे मला लई उशिरा कळलं.

सांजच्याला क्लबात या. नवी चड्डी पिशवीत ठेवलीय. लाजू नका. आता दोर मी धरते.

तुमची,
वनमाला