चढणीवरचं पाणी

दिंडोरी
मंगळवार, ता. २१ जानेवारी

ट्रॅक्टर किती वेळ ठेवायचा लोकांच्या माळावर? म्हणून निघालो. बक्षिसाला थांबलो नाय त्याला एवढंच कारण, दुसरं काय नाय. आणि टँकर लगेच धुवून ठेवावा लागतो, नायतर तळाला गाळ बसतो. ते कुणी केलं असतं? कारभारीनं? शर्यत भरवणारा म्हणून गळ्यात बिल्ला अडकवला की त्याला फोटोतून सवड कुठं?

हर्षालीस मामाचा आशीर्वाद. इकडं सगळं ठीक हाय. तुझ्या मामीचा गुडघा हाय तसाच. द्राक्षाच्या बागेत काढणी लागली. मण्यात साखर भरायला अजून चार दिवस थांबायला पाहिजे होतं, पण व्यापाऱ्याला घाई. खुडायला माणसं मिळाली हेच नशीब.

पत्र बघून हसशील. सातवी शिकलेला माणूस वहीचं पान फाडून लिहितोय. पण फोनवर तू ऐकून घेत नाहीस. मी "हे बघ" म्हणलं की तू म्हणतेस, "मामा, जेवलात का?" मग माझं राहूनच जातं. पत्रात तुला मधे बोलता येत नाय.

तर रविवारचं. तू मोटारसायकलवर होतीस, तुला काय दिसलं नसेल. लोकांना काय झालं होतं मला कळत नाय. शर्यत म्हणजे शर्यत, कुणीतरी पहिलं येणारच. त्यात गळे काढण्यासारखं काय? देवळाली कॅम्पचा एक फौजी आला होता, मिशा एवढ्याल्या. पोरीला खांद्यावर घेऊन दोरीला चिकटून उभा. तू तिसरीची दुसरी झालीस तशी ती पोरगी त्याचे केस ओढून किंचाळायला लागली, "पप्पा, ताई! पप्पा, ताई!" आणि हा बाप्या ढसाढसा रडतोय. म्हणलं, फौजी ना तुम्ही? तर म्हणतो, "काका, मोडलेलं माणूस परत उभं राहिलेलं बघितलं की आमच्यात पण असंच होतं." मी म्हणलं, सरका जरा, पायात पाइप हाय.

विंचूरच्या वाइन कंपनीतल्या तुझ्या त्या बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या पोरी टेम्पो करून आल्या होत्या. चादरीवर रंगानं लिहून आणलेलं, "भीतीला हरवलं, हर्षाली परत आली". सगळ्यात पुढं ती रोशनी. चादर धरायची तर धर ना नीट, तर एका हातानं डोळे पुसतेय. मोबाइलवर व्हिडिओ घेणाऱ्या पोराला सांगत होती, "सर, आमच्या लाइनला दोन वर्षं उभी राहायची. संध्याकाळी पाय असा सुजायचा की चप्पल जायची नाय. पण एकदा म्हणाली नाय दुखतंय म्हणून. म्हणायची, माझीच चूक, मग कुणाला सांगू?"

मी तिथून उठलो. प्यायला पाणी आणायचं होतं.

मग तो मोबाइलवाला माझ्याच मागं. "आजोबा, तुम्हीच ना ते? 'घाबरली ती' म्हणणारे मामा? तुमचा तो व्हिडिओ अजून फिरतोय. आज काय म्हणाल?" म्हणलं, कानठळ्या बसल्या, असं म्हणेन. त्याला ते पण आवडलं. तेच घेऊन गेला.

तू जिंकलीस तेव्हा दोऱ्या तुटल्या. म्हातारी माणसं पळत होती. कुणीतरी तुझ्या गाडीच्या चाकाची माती कपाळाला लावली, मी डोळ्यानं बघितलं. ढोल, गुलाल, त्यात तुझी आई उज्वला. तिनं हेल्मेटसकट तुझं डोकं छातीशी धरलं आणि सोडेचना.

आता वर लिहिलंय ना ट्रॅक्टरचं, ते खोटं हाय. ट्रॅक्टर सोमवारपर्यंत तिथंच उभा होता. आणि मी काय लवकर निघालो नव्हतो. तू माइक घेतलास तेव्हा मी टँकरच्या मागं होतो. सगळं ऐकलं. तू म्हणालीस, "तीन वर्षांपूर्वी याच उडीवर मी पडले. सगळ्यांनी माझी समजूत घातली. कुणी म्हणालं गाडी खराब, कुणी म्हणालं नशीब. एकट्या माझ्या मामांनी तोंडावर सांगितलं, घाबरलीस तू, ऐन चढणीवर गॅस सोडलास. मला तेव्हा लय राग आला होता. पण ते खरं होतं, आणि त्याच एका वाक्यामुळे मी आज इथं उभी आहे. मामा, कुठं आहात? वर या ना!"

आणि सगळा माळ ओरडायला लागला, "मामा! मामा!"

मी चाकाच्या आड बसलो. गुडघे पोटाशी घेऊन. साठी ओलांडलेला माणूस. हाका थांबल्या तसा मागच्या मागं निघालो, दिंडोरी रोडनं पायीच. ढकांब्यापाशी एसटीला हात केला.

आता लिहितो. पेन दोनदा खाली ठेवला.

ट्रॅकला पाणी मारणं माझ्याकडं हाय, हे तुला माहीत. माती उडू नये म्हणून मारायचं. पण शर्यतीच्या आधी उडीच्या चढणीवर मारायचं नाय, हे मीच दरवर्षी नव्या पोरांना सांगतो. चढण आली की टँकरचा वॉल बंद करायचा, पलीकडं गेलं की परत उघडायचा. वॉल टँकरच्या मागं हाय. त्याला सीटवरून खाली उतरावं लागतं.

तू पडलीस त्या दिवशी मार्चातलं ऊन. मोठ्या उडीसमोरच पाहुण्यांचा मांडव. दुपारी कारभारी पळत आला, "आबा, साहेबांच्या ताटात धूळ चाललीय, पटकन एक फेरी मारा." शर्यतीला वेळ थोडा. मला आधीच चीड आलेली, सकाळपासून उपाशी. ट्रॅक्टर घातला. चढण आली. कोण उतरतंय परत परत, असं मनात आलं. उतरलो नाय. वॉल उघडाच ठेवून वरून नेला.

ऊन एवढं की वरची माती लगेच पांढरी पडली. बघणाऱ्याला वाटावं कोरडी हाय. खाली चिखल.

उडीपाशी रंगनाथ झेंडा घेऊन उभा असायचा, तुला आठवत असेल. त्यानं बुटानं टोकरून बघितलं. म्हणाला, "आबा, चढण आतून ओली लागतेय. शर्यत दहा मिनिटं थांबवू का?" मी म्हणलं, "तू झेंडा धर. माती मला शिकवू नको." तुम्ही सगळ्या गाड्या लावून उभ्या होतात. थांबवायचं म्हणजे का थांबवलं ते सांगावं लागलं असतं.

तू पहिली होतीस. तू पहिली चढलीस.

तू गॅस सोडला नव्हतास, हर्षाली. मी तिथंच होतो, दहा हातावर. तुझ्या गाडीचा आवाज शेवटपर्यंत तेवढाच होता. मागचं चाक सटकलं आणि गाडी आडवी होऊन वर गेली. बाकी तुला माहीत.

लोक धावत आले, "आबा, काय झालं?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "घाबरली ती. गॅस सोडला." मी ठरवून नाय बोललो. पण परतही घेतलं नाय. माझ्या शब्दाला तिथं किंमत, ट्रॅक मी बांधलेला. कुणी परत विचारलं नाय. कुणीतरी मोबाइलवर घेतलं ते, आणि मग त्याच्यावर काय काय आलं ते तू वाचलंस. पापा की परी म्हणले तुला. पोरींनी स्वयंपाक करावा म्हणले. ते माझ्या शब्दावर म्हणले.

अजून हाय. तुला ॲम्ब्युलन्समधे घातलं तेव्हा उज्वला ओरडत होती, "दादा, चल, दादा, बस आत!" मी गेलो नाय. म्हणलं, इथलं बघून येतो. इथलं काय बघितलं? घमेल्यानं कोरडा मुरूम आणून चढणीवर टाकला आणि फावड्यानं दाबला. तुझं चाक घसरल्याचा ओरखडा होता, कोपरापासून मनगटापर्यंत लांब. तो बुजवला. रंगनाथ बघत होता. पुढच्या वर्षी त्यानं झेंडा घ्यायला नाय म्हणून सांगितलं.

दवाखान्यात तू मांडीत सळई घालून पडली होतीस. तू मला म्हणालीस, "मामा, मला मागचं चाक सटकल्यासारखं वाटलं." एवढं स्पष्ट विचारलंस. मी म्हणलं, "वाटतं तसं. पडल्यावर सगळ्यांना वाटतं." तू मान हलवलीस. तुझा माझ्यावर केवढा भरवसा होता ते त्या मानेत दिसलं, आणि तरी मी तुझ्या उशाजवळचं मोसंबं सोलत बसलो.

त्यानंतर तीन भाऊबीजा झाल्या. तुझी आई ओवाळायची. पहिल्या वर्षी पाट तू मांडलास, एका हातात काठी धरून. मी बसलो त्याच्यावर. जेवलो. दुसरा लाडू मागून घेतला.

मग आत्ताच का सांगतो? लोकांनी हाका मारल्या म्हणून नाय. ते मी पचवलं असतं, तीन वर्षं पचवतोच हाय. रविवारी मी काय बघितलं ते सांगतो.

रविवारी चढणीवर मी थेंब पडू दिला नाय. पण चार शर्यती होऊन गेल्या होत्या, उजवीकडची माती पोकळ झाली होती. सगळी पोरं तिथं गॅस कमी करून डावीकडनं जात होती. शेवटच्या फेरीला तू उजवीकडनं गेलीस, पुढच्या गाडीला मागं टाकायला. चाक सरकलं. मला दिसलं. तुला पण कळलं असणार. आणि तू गॅस तसूभर कमी केला नाहीस. हवेत हँडल वळलं होतं तुझं. खाली चाकांवर कशी आलीस ते देव जाणे. सगळा माळ नाचत होता, वाघीण वाघीण करत, आणि मी मातीवर हात टेकून खाली बसलो होतो.

तुझी गाडी बघणारा समाधान मला आधीच म्हणाला होता, "आबा, तुम्ही तरी समजवा हिला. उडीला काही झालं तरी गॅस सोडत नाय. हँडलला पट्टी चिकटवून लिहून ठेवलंय, सोडायचा नाही म्हणून. सोडला तर मी परत तीच घाबरट होईन, म्हणते." मी त्याला म्हणलं, चांगलंय की.

चांगलं नाय. तुला जो रोग नव्हता त्याचं औषध तू तीन वर्षं घेतेयस. एक दिवस त्यानंच मरशील. आता तामिळनाडूच्या टीमनं बोलावलंय तुला, तिकडं मोठ्या उड्या, मोठ्या गाड्या, आणि पाणी मारणारा कुणी माझ्यासारखाच असेल.

काल कारभारीला सगळं सांगितलं. तर म्हणतो, "आबा, आता कशाला? गोष्ट छान जमलीय. लोकांना पोरीची भीती आवडलीय, भीतीवर मात आवडलीय. तुम्ही मधेच वॉल कुठं काढता?" म्हणलं, पोरगी मरेल. म्हणतो, "मग तिला एकटीला सांगा."

एकटीला सांगतोय. पण तू हे कुणाला दाखवायचं ते दाखव. मोबाइलवर वाच, त्या व्हिडिओखाली लाव, माझी हरकत नाय. उज्वलाला तूच वाचून दाखव. मला ते जमणार नाय. त्या दिवशी त्या माळावर घाबरलेलं माणूस एकच होतं, ते तू नव्हतीस.

ऐक आता. चढण ओली दिसली, पोकळ दिसली, नुसती शंका आली तरी आधीच गॅस कमी करायचा. उडी मारायची नाय. चाकानं चढायचं, चाकानं उतरायचं, मागचे गेले पुढं तर जाऊ दे. पुढच्या फेरीला बघता येतं. तू हे दहा वर्षांची होतीस तेव्हापासून बरोबर करायचीस, तुला कुणी शिकवलं नव्हतं. ती पट्टी काढून टाक.

मला फोन करू नको. केलास तर मामी उचलेल, तिला यातलं काय माहीत नाय. का केलं, तीन वर्षं झोप कशी लागली, असलं काय विचारायला येऊ नको. माझ्याजवळ सांगायला काय नाय, आणि असतं तरी सांगितलं नसतं. लिहायचं होतं ते लिहिलं. याच्यापुढं मी एक शब्द बोलणार नाय.

निवृत्ती