भोकरमाळाचं नाव कोणाला द्यावं

मी, कौसाबाई धोंडिबा भोईर, लग्नात धवले गाऊन गावोगावच्या देवांना नावानिशी आवतण देणारी धवलारीण, राहणार भोकरमाळ, शिरगावजवळ, बदलापूर पूर्व. डोकं शाबूत आहे. डॉक्टरचा दाखला जोडलाय, सुनेचं मत विचारलेलं नाही. कोणाच्या धाकदपटशाशिवाय खालीलप्रमाणे लिहून ठेवते.

१. बँकेतली शिल्लक आणि पितळी भांडी सून शलाकाला. लुगडी तिने बोहारणीला द्यावीत, तशीही ती वाटच बघते.

२. मुलगा कैलास यास काही नाही. धोंडिबांची शेती त्याने बिल्डरला दिली, ते मी गिळलं. बिल्डरने माळाचं नाव ‘स्विंटन मेडोज’ केलं, तेव्हा हा पेढे वाटत होता. नात तेजल इंग्लंडात गावांची जुनी नावं शिकते. फोनवर हसत सुटली, "आजी, स्विंटन म्हणजे डुकरांची वाडी गं!" मला हसू आलं नाही. तीच सांगते, तिथे समुद्रावरून डॅनिश आले, त्यांच्या बोलीत गावाला ‘बी’ म्हणत, म्हणून अ‍ॅशबी, डर्बी. मागून फ्रेंच बोलणारे राजे आले. तरी ही नावं टिकली, कारण माणसं ती बोलत राहिली. आमच्यावर तर कोणी चालूनही आलं नाही.

३. नातू अभिजीतच्या लग्नात माझा गळा बसला, म्हणून अंबरनाथहून धवलारीण आणली. तिने पत्रिकेवरचा पत्ता बघून आवतण दिलं, "स्विंटनचे गावदेवी, लग्नाला ये गो!" मांडवात एकानेही मान वर केली नाही. कैलास म्हणतो, "आये, देवीला समजतं." हाक चुकीच्या दारात मारली तर घरातलं माणूस तरी येतं का रे?

४. वकील म्हणतात, नाव कोणाला लिहून देता येत नाही. म्हणून देवीच्या दगडाची माझी तीन गुंठे जागा, जी बिल्डरला गेटसाठी हवी आहे, ती तेजलला. विकायची नाही. तेजल, तू परत येणार नाहीस, ठाऊक आहे. तरी तुलाच, दुसरं कोणी विचारतही नाही. तिकडे भाकरी थापताना, नवऱ्याशी भांडताना, भोकरमाळ म्हणत जा. मोठ्याने. मला दुसरा इलाज सुचत नाही.

वाचून दाखवलं, पटलं, सही माझ्या हातची.

ठिकाण: भोकरमाळ
तारीख: १२ मार्च २०२५
(सही) कौसाबाई धोंडिबा भोईर

साक्षीदार:
१. रखमा म्हात्रे, रा. शिरगाव
२. शंकरराव भोईर, रा. स्विंटन मेडोज, सी विंग

शंकरराव माझे चुलतदीर, जन्म याच माळावरचा. म्हटलं, भावजी, हे काय लिहिलंत? म्हणाले, "वहिनी, आधार कार्डावर हेच आहे." खोडा म्हटलं. वकील म्हणाले, साक्षीदाराच्या पत्त्यात खाडाखोड झाली तर बिल्डर कोर्टात जाईल.

राहू दिलं.