विचारून घेतलेलं केळं

अण्णा, एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला तुमच्याइतकं निवांत दुसरं कुणी मला सध्या माहीत नाही. काल संध्याकाळी तुमच्या नातीने मला विचारून केळं घेतलं. "बाबा, हे काळं पडलेलं मी घेऊ का?" मी चष्मा काढून पुसला. ही मुलगी गेली कित्येक वर्षं या घरातली केळी न विचारता नेते. मी शिकरणासाठी राखून ठेवलेली तर आधी. तुमचाच वारसा. फळांभोवती घोंघावणाऱ्या त्या चिमुकल्या माश्या ती केळ्याचं आमिष लावून पकडते, काही मंडईतल्या सडक्या फळांच्या ढिगापाशी, काही धायरीतल्या उरल्यासुरल्या पेरूच्या झाडांखाली, आणि हिंजवडीच्या पलीकडे तिच्या प्रयोगशाळेत त्यांची जनुकं तपासते. दिसायला दोन्हीकडच्या सारख्याच. आतून त्या एकमेकींपासून वेगळ्या होऊ लागल्या आहेत का, एवढाच तिचा प्रश्न आहे.

तुम्ही हेच दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत करत होतात. आई ज्या पातेल्यात प्रसादाचा शिरा करायची, त्याच पातेल्यात तुम्ही माश्यांसाठी गूळ, रवा आणि केळं शिजवायचात, आणि घरातलं बहुतेक भांडण त्या एका पातेल्याचं होतं. बाटल्यांची एक रांग स्वयंपाकघरातल्या फळीवर, दुसरी बाहेरच्या खोलीत, आणि दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही हा घरचा कडक नियम. काही वर्षांनी एका रविवारी तुम्ही कापसाचे बोळे काढून दोन्हीकडच्या माश्या एकत्र सोडता. पिल्लं निघतात, धडधाकट, आणि पुढे त्यांनाही पिल्लं होतात. तुमचा चेहरा पडतो. "बावळट," तुम्ही म्हणता, मला की माश्यांना ते कळत नाही, "एकीच्या दोन जाती इतक्यात होतायत काय! आधी जाणं-येणं बंद पडायला हवं. मग इकडे एक बदल होतो, तिकडे दुसरा. आपापल्या घरी दोन्ही बिनतक्रार चालतात. पुढे कधीतरी गाठ पडली, की पिल्लात ते दोन बदल पहिल्यांदा समोरासमोर येतात, आणि त्यांचं जमत नाही. पिल्लू वांझ निघतं. दोष कुणाचाच नसतो."

"मध्ये नदी, डोंगर असं काही लागतंच का?" मी विचारतो.

"बहुतेक वेळा. पण कधीकधी एकाच बागेतही होतं. काही माश्या लवकर पिकणाऱ्या फळाला लागतात, काही उशिरा पिकणाऱ्या. मग भेट कुठली?"

केळ्यावर परत येतो. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं असं मी वर्गात पोटापाण्यासाठी शिकवतो, तेव्हा घरात धूर शोधायला मला वेगळी सवय लावून घ्यावी लागली नाही. धूर बराच आहे. मागे जेवताना तिने ते दोन बदलांचं समजावलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "म्हणजे आमच्या वेदांच्या शाखांसारखंच. आपापला पाठ प्रत्येकाने चोख जपला, आणि एकत्र म्हणायला बसले की गोंधळ." "झालं! निघाली स्वारी वेदांकडे!" म्हणून तिने ताट उचललं होतं. परवा मी मुद्दाम तेच पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, "हो, तसंच असेल बाबा." तसंच असेल! अण्णा, या घरात माझं म्हणणं कुणी असं वादाशिवाय मान्य केल्याचं मला आठवत नाही.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, न विचारता नेली तरी तुमची कुरकुर, विचारून नेली तरी कुरकुर. केळीच आणू नका ना."

मग मीच निष्कर्ष काढला, की ही परदेशी चालली आहे आणि जाण्याआधी आमच्याशी गोड वागून घेते आहे. आज सकाळी ती कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीआधी निघायच्या घाईत होती, तेव्हा विचारलंच. "परदेशी जायचं ठरवलं आहेस का?"

"मी? नाही हो. मी कुठेच जात नाहीये. चहा घ्या, गार होतोय." आणि तिने माझ्या कपावर बशी झाकून ठेवली.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. मी संस्कृत घेणार म्हणालो, त्या दिवशी तुम्ही रागावला नाहीत. "उत्तम. आवडेल तेच करावं," म्हणालात, आणि नवं शाईपेन दिलंत. त्यानंतर तुम्ही मला बावळट म्हणाला नाहीत. तुम्ही संध्याकाळी बाटल्यांत, मी पहाटे पाठांतरात. एकाच घरात आपण इतके सभ्य झालो, की पाहुणे आपलं कौतुक करत. त्याच पेनाने हे लिहितो आहे. पाठवायचं म्हटलं तर पत्ता आपल्याच घराचा, आणि तुमची खोली आता तिची आहे.

ती परदेशी जाणार असती, तर मी मध्ये समुद्र आहे म्हणून मोकळा झालो असतो. पण मध्ये काहीच नाही. ती इथेच राहील, रोज चहा झाकून ठेवेल, विचारून केळं घेईल, आणि आमचं एकमेकांशी बोलणं संपलेलं असेल. मला त्याची भीती वाटते.