भिंगरीचे आत्मिक शिक्षण, माझ्या देखरेखीखाली

सोमवार, ८ जानेवारी

पोस्टाने आले ते असे: फ्लॅनेल चढवलेला फळा एक. त्यावर चिकटवायची चित्रे चाळीस, पैकी हातात एकोणचाळीस. पालकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका एक. ‘आदर्श गृहशिक्षिका’ असे छापलेले सर्टिफिकेट एक, नाव आपले आपण घालायचे. किंमत तीनशे चाळीस, टपालखर्च अठ्ठावीस वेगळा. सुतळी चांगली निघाली, गुंडाळून ठेवली.

न मिळालेले चित्र: हरवलेले मेंढरू. पोस्टमनला विचारले. म्हणाला, बाई, मी मेंढरू घेऊन काय करू, मला तुमच्या पायऱ्या चढायलाच दम लागतो. प्रश्न काय, उत्तर काय. डाउट आहे.

सामान का मागवले ते लिहून ठेवते. लेक, जावईबापू आणि त्यांची भिंगरी गेले वर्षभर आमच्याकडेच राहतात. लेक दवाखान्यात नर्स, जावईबापू छापखान्यात. दिवसभर भिंगरी माझ्यापाशी. आता चार वर्षांची झाली, तर लेकीच्या डोक्यात चर्चचा बालवर्ग शिरला आहे. तिथे मुलांना वाळूत खेळवतात म्हणे. वाळू आपल्या फाटकाबाहेर फुकट पडली आहे. मी म्हटले, देवाच्या मार्गात मूल घरीच वाढते. बरेच बोलणे झाले. शेवटी लेक म्हणाली, आई, महिनाअखेरपर्यंत ती तुझ्याकडे. नीट चाललंय असं दिसलं तर राहू दे घरीच. नाहीतर एक तारखेपासून बालवर्ग. मी म्हटले, घरीच राहील, लिहून घे.

जावईबापू नुसते हसले. हा माणूस फार हसतो.

मंगळवार, ९ जानेवारी

टाइमटेबल भिंतीला लावले. प्रार्थना, वचन पाठांतर, चित्रांवरून गोष्ट, मनन, मग दूध.

पहिला धडा, सृष्टीची उत्पत्ती. देवाने उजेड केला इथपर्यंत छान. भिंगरीने विचारले, मग आधीचा अंधार देवाने कुठे ठेवला? हे सिलॅबसमध्ये नाही. चार वर्षांच्या मुलीला असले आपोआप सुचत नाही. कोणीतरी पढवते आहे. कोण, ते शोधणे.

त्यानंतर तिने डोळे मिटून बराच वेळ मनन केले. पहिल्याच दिवशी!

संध्याकाळी लेकीला अभिमानाने सांगितले. ती म्हणते, आई, ती झोपली असणार. मनन आणि झोप यातला फरक नर्सला कळू नये?

गुरुवार, ११ जानेवारी

पुस्तिकेत आज चांगली गोष्ट सापडली. मुलाला प्रार्थना पाठ करून घेऊ नये, मुलासमोर आपण करावी. मोठ्याने, साध्या शब्दांत, लोकांची आठवण काढून. हे मला नवीन नाही. उलट पुस्तिका लिहिणाऱ्यानेच माझ्याकडून काही शिकावे.

तेव्हा आज भिंगरीला शेजारी बसवून मनापासून प्रार्थना केली. खाटकाचा तराजू सरळ कर. ऑर्गनवाल्यांना उपदेशाच्या वेळी जागे ठेव. पाळकसाहेबांना थोडक्यात आटपायची बुद्धी दे. पाळकीणबाईंना नवे पडदे कुठल्या पैशातून परवडले ते उजेडात आण. जावईबापूंच्या हसण्यामागे काय आहे ते मला दाखव. आणि आमचे हे रोज फिरायला म्हणून जातात ते कुठे जातात, तुला दिसतेच.

भिंगरीचा एक डोळा उघडा होता. माझ्या उघड्या डोळ्याने मी ते बरोबर टिपले. पण ऐकत होती अगदी कान देऊन.

हे पेपरामागून म्हणाले, अगं, मधे मधे श्वास घे, देवालाही लिहून घ्यायला वेळ लागत असेल. रिटायर झाल्यापासून यांची श्रद्धा पातळ झाली आहे.

रविवार, १४ जानेवारी

उपासना. पाळकसाहेबांनी जाहीर केले, येत्या अठ्ठावीसला मुलांचा रविवार. ज्या मुलाला जे म्हणायचे असेल ते त्याने पुढे येऊन म्हणावे, गाणे, वचन, काहीही.

संधी चालून आली. तिथे सगळ्या मंडळीसमोर भिंगरी चमकली की लेकीचे तोंड बंद, बालवर्गाचाही निकाल लागला.

बाहेर पडताना पाळकीणबाई मुद्दाम जवळ आल्या. म्हणाल्या, काय गोड झाली आहे हो नात, एकदा बालवर्ग बघायला आणा ना. एवढा गोडवा कशासाठी? घरी येईपर्यंत उलगडा झाला. फी दर महिना साठ.

बुधवार, १७ जानेवारी

बालवर्ग पाहून आले. भिंगरीला बरोबर नेले, म्हणजे संशय येऊ नये.

खोली स्वच्छ. इतकी स्वच्छ का, असाही प्रश्न पडतोच. फळा नाही, छडी नाही. बाई चक्क जमिनीवर बसलेल्या. एक मुलगा एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओततो, दुसऱ्यातले परत पहिल्यात. मी विचारले, हा काय शिकतो आहे? बाई म्हणाल्या, न सांडता ओतायला. मी म्हटले, आणि सांडले तर? त्या म्हणाल्या, तर पुसायला. याचा पगार!

मग एकाने दुसरीला ढकलले. बाईंनी वचन नाही सांगितले, देव बघतो म्हणून नाही सांगितले, रागावल्याही नाहीत. त्याला हाताला धरून तिच्याजवळ बसवले आणि म्हणाल्या, बघ रे, तिला कुठं लागलंय? तो बघत बसला. मग त्याने फुंकर मारली. शिस्त म्हणून नाही.

भिंगरी निघायला तयार होईना. दाराला धरून रडली. एवढ्या वेळात मुलीला एवढा लळा लागतो म्हणजे काहीतरी खायला देत असतील. तोंडाचा वास घेतला. कशाचाच आला नाही. हेच जास्त संशयास्पद.

शनिवार, २० जानेवारी

हरवलेले मेंढरू सापडले. यांच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेले. हे म्हणाले, खाली पडलं होतं, मला वाटलं जास्तीचं आहे. तरी पोस्टमनवर नजर ठेवायची ती ठेवायचीच. आज निर्दोष निघाला म्हणजे कायमचा निघाला असे नाही.

अठ्ठावीससाठी स्तोत्र निवडले, लांबसे, वजनदार. भिंगरीची पहिली ओळ पाठ आहे. त्याच्यापुढे ती ‘वगैरे’ म्हणते. अजून आठवडा आहे.

मंगळवार, २३ जानेवारी

आनंदाचा दिवस. आज दुपारी भिंगरी आपणहून कोपऱ्यात गुडघे टेकून बसली, हात जोडले आणि कितीतरी वेळ ओठ हलवत होती. मधूनमधून सुस्कारे, अगदी मोठ्या माणसासारखे. मी जवळ जाऊन कान लावला तर गप्प. म्हणाली, आजी, हे माझं नि देवाचं आहे.

घरच्या शिक्षणाचा प्रोग्रेस याला म्हणतात.

झोपताना जावईबापू तिच्यापाशी बसतात. आज तिची प्रार्थना ऐकून बाहेर आले ते तोंडावर हात दाबून, खांदे हलत होते. पवित्र गोष्टीत हसण्यासारखे काय असते? विचारले, तर म्हणाले, काही नाही आई, फार सविस्तर करते. लपवाछपवी.

स्तोत्र: दोन ओळी आणि वगैरे.

शनिवार, २७ जानेवारी

फ्रॉकला इस्त्री केली. सर्टिफिकेटवर पेनाने माझे नाव घातले, उद्या संध्याकाळी भिंतीला लावायचे. पेन्सिलीने घालणार होते, पण खात्री असताना पेन्सिल कशाला.

लेक म्हणाली, आई, तिला स्तोत्र जड जातंय, तिला हवं ते म्हणू दे की. मी म्हटले, तुझी भीती मला कळते आहे.

रविवार, २८ जानेवारी, दुपारी

डोके दुखते आहे. थोडक्यात लिहिते.

भिंगरी पुढे गेली. स्तोत्राची पहिली ओळ स्वच्छ म्हटली, वगैरे म्हटले, थांबली. मी दुसऱ्या बाकावरून ओठ हलवून दाखवले. ती म्हणाली, आता मी आजीसारखी प्रार्थना करते. माझी मान ताठ झाली. दोन बायकांनी वळून माझ्याकडे पाहिले, मी नम्रपणे खाली बघितले.

तिने गुडघे टेकले, सुस्कारा सोडला आणि सुरुवात केली. हे प्रभू, तुला सगळं दिसतंच, मी काय सांगायचं. खाटीककाकांचा तराजू सरळ कर. (खाटीक चौथ्या बाकावर.) ऑर्गनवाल्या आजोबांना उठव. (उठले.) पाळकसाहेबांना थोडक्यात आटपायची बुद्धी दे. पाळकीणबाईंनी पडदे कुठून आणले ते उजेडात आण. आमचे बाबा हसतात, त्यांना दाखव. आजोबा फिरायला जातात तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात केक खातात, मलाही देतात, आजीला सांगू नको.

हे मला माहीत नव्हते. यांना साखरेचा त्रास आहे.

पाळकसाहेबांनी पुढे पाऊल टाकले, पण भिंगरीचे संपले नव्हते. म्हणाली, आणि आजीला कोणीच आवडत नाही. तिला कोणीतरी आवडू दे. आमेन.

शेवटचे वाक्य माझ्या प्रार्थनेत कधीही नव्हते. ते कुठून आले ते समजत नाही.

ऑर्गनवाल्यांनी घाईघाईने गीत सुरू केले, चुकीचे. उपदेश पाच मिनिटांत आटोपला. प्रार्थनेत सामर्थ्य असते हे मी पहिल्यापासून सांगत आले आहे.

तोच दिवस, संध्याकाळी

चौकशी केली. घरातल्या गोष्टी चारचौघांत कशा गेल्या, मुलीला कोणी पढवले, हे प्रत्येकाला वेगवेगळे बसवून विचारले. जावईबापू म्हणाले, मी नाही. या वेळी हसले नाहीत. हे म्हणाले, केकचं मी कबूल करतो, बाकीचं नाही. बालवर्गाच्या बाईंचे काम असावे असे मी म्हटले. त्या दिवशी आम्ही तिथे अर्धा तास होतो, अर्धा तास पुष्कळ झाला.

तेव्हा लेक उठून माझ्याजवळ येऊन बसली. ओरडली असती तर बरे झाले असते. म्हणाली, आई, तिला कोणी पढवलं नाही गं. ती तुझ्याजवळ बसत होती, बाकी काही नाही.

एक तारखेपासून बालवर्ग.

पाळकीणबाईंची माफी मागावी असे लेकीचे म्हणणे. माझे म्हणणे, आधी पडद्यांचे कळू दे. मग लेकीकडून कळले. त्यांच्या आईच्या जुन्या साड्या फाडून शिवलेले आहेत. हे त्यांनी आधीच सांगितले असते तर एवढे झालेच नसते.

गुरुवार, १ फेब्रुवारी

भिंगरी बालवर्गाला गेली. वाटले होते दारात रडेल, माझा पदर धरेल. रुमाल तयार ठेवला होता. तिने चपला काढल्या, पेला उचलला आणि पाण्याच्या टपाकडे धावली. मागे वळून पाहिले नाही. गडबडीत राहिले असेल.

निर्णय घेतला. काही दिवस धाकट्या बहिणीकडे जाऊन राहणे. माझ्याशिवाय या घराचे पान हलत नाही. दोन दिवसांत सगळ्यांना कळेल, तिसऱ्या दिवशी बोलावणे येईल. म्हणून लुगडी दोनच घेतली. फळा आणि चित्रे कपाटात बंद केली, किल्ली यांच्याकडे. ठेवायला नको होती, पण दुसरे कोण आहे.

निघताना भिंगरी घरी नव्हती.

सोमवार, ५ फेब्रुवारी, बहिणीकडे

बोलावणे नाही. टपालाचा घोटाळा असणार.

बहीण प्रेमाने वागते. इतके प्रेम पूर्वी नव्हते. आज विचारले, ताई, किती दिवस आहेस? मी म्हटले, तुला अडचण होते का? ती म्हणाली, अगं नाही, दूध किती घ्यायचं ते ठरवायला विचारलं. दुधाचे निमित्त मला कळते.

लुगडी धुऊन वाळत घातली. दोन कमी पडतात.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

सकाळी प्रार्थनेला बसले. खाटीक घेतला, ऑर्गनवाले घेतले, पाळकीणबाई घेतल्या. त्यांच्यासाठी पुढे काय मागायचे ते सुचेना. बऱ्याच वेळाने, खाटकाची गुडघेदुखी बरी कर, एवढे म्हटले. गेल्या वर्षापासून लंगडतो तो. मग आमेन. इतकी छोटी प्रार्थना मी लहानपणीसुद्धा केली नसेल. प्रकृती ठीक नसावी.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

यांचे कार्ड आले. तीन ओळी. इकडे सर्व कुशल. भिंगरी बालवर्गात रमली आहे. तुला वाटेल तितके दिवस आरामात राहा.

‘वाटेल तितके’ चार वेळा वाचले. कोणी सांगून लिहवून घेतले असेल असे वाटले. अक्षर यांचेच आहे. पेनाचा दाबही यांचाच.

दुपारी लेकीला कार्ड टाकले. नक्कल ठेवते:

‘चि. लेकीस आईचा सलाम व आशीर्वाद. मी इथे मजेत आहे. मला बोलावण्याची तुम्ही मुळीच घाई करू नये, पण बोलावलेच तर मी अडून बसणार नाही. यांना केक देऊ नये. पाळकीणबाईंना माझा सलाम सांगावा, पडद्यांचा विषय काढू नये. भिंगरीला फ्रॉक आखूड होत असेल तर खालची दुमड उसवावी, चार बोटे कापड आत ठेवले आहे. एक विचारायचे आहे, जावईबापूंना विचारून सांग, रात्री तेच तिच्याजवळ बसतात. प्रार्थनेत ती माझे नाव घेते का? घेत असेल तर पुढे माझ्यासाठी काय मागते, ते जसेच्या तसे, काही न गाळता उलट टपाली कळव.’