हजेरीचा कागद

प्रिय अक्का,

तू गेल्याला आज महिना झाला. या महिन्यात मी मराठीत कुणाशी एक वाक्य बोललो नाही, ठाऊक आहे? ऑफिसात इंग्रजी, दुकानात कन्नड, आणि खोलीवर आलो की कुणीच नाही. आज सकाळी दूध उतू गेलं तेव्हा तोंडून "अगं अक्का!" निघालं आणि मीच दचकलो. म्हणून लिहायला बसलो.

जयनगरातली ही खोली तुझ्यासाठीच घेतली होती. स्वयंपाकघर वेगळं, दारात नळ. किती वेळा म्हटलं, आता ये! तुझं आपलं, "स्वल्प थांब रे, मालकिणीच्या लेकीचं बाळंतपण होऊ दे." लोकांच्या घरची अडचण तुला आधी का दिसायची गं?

पण सांगायचंय ते वेगळंच. आठ वर्षं टाळलेलं.

मिलमधला कापूस संपला आणि तुमचं सूत गुंडाळायचं वायंडिंग खातं बंद पडलं, ते दिवस. तू एक छापील इंग्रजी कागद आणलास. "नागू, काय लिहिलंय बघ बरं." माझी इंटरची परीक्षा तोंडावर. "उद्या वाचतो," म्हणून मी तो गणिताच्या पुस्तकात घातला. तू आणखी दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी खेकसलो. मग तू विचारणंच सोडलंस. आपल्या गल्लीत मिलमधलं दुसरं कुणी नव्हतं. काम सुरू झालं की बोलावतील, असं समजून तू घरीच थांबलीस.

परीक्षा संपल्यावर कागद वाचला. काम नसलं तरी अर्धा पगार मिळणार होता. अट एकच, रोज सकाळी गेटवर येऊन हजेरी लावायची. जो येणार नाही, त्याचं नाव कमी होईल.

आपण धावत गेलो. टाइमकीपरनं रजिस्टर उघडलं. "इतके दिवस कुठं होतात, अम्मा? नाव काटलंय. कागद मिळाला नव्हता?"

तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मिळाला होता. माझ्याच ट्रंकेत राहिला."

आणि मी गप्प! एवढा वाढलेला घोडा, आणि गप्प!

पुढं कापूस आला, बाकीच्या बायका कामावर परतल्या. तुझ्या मशीनवर दुसरी बसली. तू मल्लेश्वरमला त्या मालकिणीच्या घरी राहून स्वयंपाकाला लागलीस, मी हॉस्टेलवर गेलो. निघताना म्हणालीस, "सरी, असू दे, तू पास झालास म्हणजे झालं." एवढंच! चार शिव्या का नाही घातल्यास? त्यानंतर आपण दोघं एका घरात एक दिवसही राहिलो नाही.

दहाव्याला लक्ष्मम्मा आली होती, तुझ्या शेजारच्या मशीनवरची. डोळे पुसत कन्नडमध्ये म्हणाली, "सोन्यासारखी बाई, पण भारी विसरभोळी. एका कागदापायी कायमची नोकरी घालवली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बघत पत्रावळी उचलत राहिलो.

अक्का, लक्ष्मम्माची पाळी तीनला सुटते. हे पत्र घडी घालून मी मिलच्या गेटवर निघणार आहे. बायका बाहेर पडतील तेव्हा त्यांच्यासमोर उभा राहून सांगेन, अक्का काही विसरली नव्हती. कागद माझ्याकडे होता, आणि मी वाचला नाही. त्या काय म्हणायचं ते म्हणोत. तुझ्या नावावरचा हा डाग मी आज पुसणार, तुझी शपथ.

तुझा,
नागू