नानाची बिडी, माझी काडी

४ फेब्रु. १९७४, सोम.
बिडी सोडून आज एकवीस दिवस. छातीच्या फोटोत डाग निघाला नाही, त्याच दिवशी दवाखान्याच्या दारात बंडल गटारात टाकलं. डॉक्टर म्हणाले, "या वेळी सुटलात." या वेळी...
पहाटेचा खोकला निम्म्यावर. पण दहाच्या चहाला जायचं कुठं? कारखान्याच्या शेडमागं सगळा धूर. नाना माझा पत्रा दाबायच्या प्रेसवरचा जोडीदार, पुनावळ्याचा, अकरा वर्षं एका मशीनवर. आमची रीत अशी की एकानं दोन बिड्या तोंडात धरून पेटवायच्या, एक दुसऱ्याला द्यायची. आज त्यानं सवयीनं दोन पेटवल्या. मी हात जोडले. म्हणाला, "व्हय, तुमी आता मोठी मानसं." दोन्ही स्वतःच ओढल्या. माझ्याकडं बघत.

७ फेब्रु., गुरु. सुट्टी
मेव्हणे आले, दोघेही सिगारेटवाले. दापोडीची आमची खोली ती केवढी. शांता सख्ख्या भावांना म्हणाली, "बाहेर जाऊन ओढा." गेले बिचारे. मी घरातच. खिळ्याला थोरल्याचा कोट टांगलेला. जवळ जाऊन वास घेतला. वळलो तर शांता दारात. लाज वाटली.

१२ फेब्रु., मंगळ.
चहा मशीनपाशीच घेतला, एकटा. नाना कामापुरतं बोलतो. "सरक." "उचल." बस. बिडी सुटली ते बरंच झालं, पण नानाच सुटला तर—

१६ फेब्रु., शनि.
नानाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, पेरभर. अडकलेला पत्रा काढायला हात घातला आणि प्रेस खाली आली. प्रेस चालवायचा खटका मी दाबला नव्हता. सगळ्यांनी तेच सांगितलं, नानानंसुद्धा. तरी...
दवाखान्याच्या बाकावर कंपनीतले तिघं, तिघांच्या हातात सिगारेट. एकानं पेटती पुढं केली. "घे राव, आजच्या दिवस." घेतली. ओठांपर्यंत नेली. तेवढ्यात सिस्टरची हाक, "पेशंटबरोबर कोण आहे?" त्याच्या हातात परत कोंबून आत पळालो. हाक आली नसती तर ओढली असती. इथं तरी खोटं कशाला लिहू.

२१ फेब्रु., गुरु. सुट्टी
सायकलनं पुनावळ्याला. चढाला एकदाही उतरलो नाही, दम लागला नाही. नाना ओट्यावर, हाताला ही मोठी पट्टी. वहिनी चहा टाकायला आत गेल्या तसा हळूच म्हणाला, "खिशातलं बंडल काढ. डाव्या हातानं काडी वढता येत न्हाई. पोरास्नी सांगायची लाज वाटती. तूच पेटवून दे."
बिडी हातात घेऊन तसाच बसलो. पेटवायची तर तोंडात धरून झुरका मारायला हवा. नानाच्या पण तेव्हाच ध्यानात आलं. "आरं, न्हाई न्हाई! तू नगं," म्हणत वाकून दातांनीच माझ्या हातातली बिडी ओढून घेतली. मग मी काडी धरायची, त्यानं ओढायची. विझली. परत काडी. वारा कसला सुटलेला! एका बिडीला सात काड्या गेल्या. हसू आवरेना, हसता हसता पुन्हा विझली. धूर सगळा माझ्या तोंडावर. हात पुढं गेला नाही. किती घाबरलो होतो मी, उगीच.
मग नाना म्हणाला, "माझ्यावर रागावला व्हतास?"
"मी कुठं? तूच रागावला होतास."
"व्हय. मला वाटलं, बिडीसंगं मला बी टाकलंस."
येताना उतारावर पॅडल मारायचंसुद्धा विसरलो. छाती मोकळी, मन मोकळं. किती दिवसांनी असं.

११ मार्च, सोम.
नाना आज कामावर आला. साहेबांनी तूर्त स्टोअरमध्ये बसवलंय. प्रेसवर पुन्हा घ्यायचं का, ते डॉक्टर हात बघून सांगणार. त्याला प्रेसच हवी. खटक्याकडं बघितलं की मला तो शनिवार आठवतो. हे त्याला बोललो नाही.
दहाला त्याच्याबरोबर शेडमागं गेलो, महिन्यानं. धूर येणार नाही अशा बाजूला बसलो. स्टोअरचा एक जण मला बिडी देऊ लागला, तर नानाच ओरडला, "त्याला न्हाई! शेंगदानं दे त्याला." सगळे हसले, मी पण. मूठभर खाल्ले. पूर्वीसारख्या गप्पा. इतकं सोपं होतं तर मी महिनाभर एकटा चहा कशाला प्यायलो!
जेवणाच्या सुट्टीत नानानं विचारलं, "किती दिस झालं रं तुला?"
"छप्पन्न."
भाकरी संपवली, डबा लावला. मग खाली बघत म्हणाला, "पयलं आठ दिस लई जड जात्यात का?"
भोंगा झाला. उठावंच लागलं.
उद्या काय सांगू? खरं तेवढं सगळं सांगितलं तर घाबरेल. थोडं कमी करून सांगावं का...