गॅस संपणार म्हणे

४ जानेवारी

मुलगा आज काचेच्या भट्टीवरून आला तो पुन्हा तेच — "आई, भट्टी बंद करू. गॅस संपतोय."

मी म्हटलं, आधी गिळ, मग बोल. तोंडात घास धरून जगबुडीच्या गप्पा मारू नयेत.

टीव्हीवर कोणी टायवाला सांगत होता. पंधरा वर्षांत जमिनीखालचा सगळा गॅस खलास! लाल अक्षरं, मागे ढॅण ढॅण. मी म्हटलं, याला मी आधीही ऐकलंय. टाय तेवढा नवीन आहे.

५ जानेवारी

चौथीनंतर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, आठवत नाही. लिहिताना हात भरून येतो. पण घरात बोललं की भांडण होतं, इथे होत नाही. म्हणून लिहिते.

पहिल्यांदा गॅस संपला तेव्हा मी या घरात नवी होते. रेडिओवर सांगितलं, शतक संपायच्या आत थेंबभर उरणार नाही. (गॅसचा थेंब! तेव्हाच ओळखायला हवं होतं.) यांनी धसका घेऊन गाडीभर कोळसा मागच्या अंगणात ओतला. एक ढेकूळ भट्टीला लागलं नाही. शेजारणीची मांजर तीनदा त्याच्यावर व्याली.

मग मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा दुसऱ्यांदा संपला. वर्तमानपत्रात चित्र आलं होतं, रेघ घसरगुंडीसारखी खाली. फार तर दहा वर्षं! तेव्हा धाकट्या दिरांनी आपली भट्टी विझवली आणि बाजारात प्लास्टिकच्या बरण्यांचं दुकान टाकलं. काच फुंकणाऱ्यांच्या घरात प्लास्टिक! हे महिनाभर भावाशी बोलले नाहीत.

तिसऱ्यांदा तर कॉम्प्युटरने सांगितलं. म्हणजे मग खरंच की! ते साल आलं, गेलं. तो कॉम्प्युटर भंगारात गेला असेल. आमची भट्टी चालू आहे.

९ जानेवारी

एक टायरवाला भट्टीची शेड मागतोय, गोदामाला. महिनाअखेर उत्तर हवंय त्याला.

मुलगा म्हणाला, "चांगली संधी आहे आई. गॅस संपल्यावर कुत्रं विचारणार नाही."

हा काय स्वयंपाकाचा गॅस आहे, कान पिळला की बंद, पुन्हा पिळला की चालू? भट्टी एकदा निवली की मुशी तडकतात. काच वितळवायची ती मातीची मोठाली भांडी. आतल्या विटा बसतात. परत पेटवायची तर नवीच बांधावी लागते. सासऱ्यांनी पेटवली तेव्हापासून एक दिवस निवलेली नाही. आणि हा एका टायवाल्याच्या नि एका टायरवाल्याच्या सांगण्यावरून विझवणार!

शेवटी म्हटलं, गॅस कंपनीचा माणूस येणार आहे ना पाइप बघायला? त्याला विचारू. तो संपला म्हणाला तर मी तोंड उघडणार नाही.

"नक्की?" म्हणाला. डोळे कसे चमकले. मला वाटलं, मी तोंड बंद ठेवणार याचाच आनंद.

१० जानेवारी

सून मूग गिळून बसली आहे. विचारलं तर म्हणते, "काही नाही, आई."

१६ जानेवारी

सुटले!

कंपनीचा माणूस आला. जाड चष्मा, बुटांना चिखल. बरं वाटलं बघून. टीव्हीवाल्याचे बूट चकचकीत होते.

बसवलं आणि थेट विचारलं, "बाबा, गॅस संपतोय का?"

"कोण म्हणतं?"

"सगळे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून."

हसला. म्हणाला, "आजी, ते खोटं बोलत नव्हते. तेव्हा ज्या विहिरी सापडल्या होत्या, तेवढ्यांतलाच मोजला. मग आम्ही आणखी खोल गेलो. मग आडवं खणायला शिकलो. दगडात अडकलाय, निघणार नाही म्हणून सोडून दिलेला गॅस आता निघतो. मी नोकरीला लागलो तेव्हापेक्षा आज तिप्पट निघतो."

"म्हणजे डब्यातली साखर मोजली आणि पोतं बघितलंच नाही!"

"पोतं तेव्हा कोणाला दिसत नव्हतं, आजी."

ते पण बरोबर आहे. मी विचारलं, मग संपणार कधी?

"कधीतरी संपेलच. पण तारीख मी नाही सांगणार. ज्यांनी सांगितली त्यांची कात्रणं आमच्या ऑफिसात लावलीत, चहाच्या वेळी हसायला."

दुसरी मोठी लाइन टाकतायत आमच्या बाजूने. वीस वर्षं दाब कमी होणार नाही, हे लिहून देतो म्हणाला. छातीवरचा धोंडा उतरला! तिथेच पायरीवर बसले. कंपनीचे साहेब घाबरले, पाणी आणा म्हणाले. मी म्हटलं, पाणी कसलं, चहा घ्या अजून एक.

मुलगा म्हणाला, "बरं झालं." आणि भट्टीकडे गेला.

सून कपबश्या गोळा करत होती. म्हणाली, "म्हणजे अजून वीस वर्षं."

म्हटलं, "हो ना!"

१७ जानेवारी

टायरवाल्याला नाही म्हणून कळवायला लावलं. झोप छान लागली. गुडघासुद्धा विसरला दुखायचा.

१९ जानेवारी

भावोजी आले होते. तेच, प्लास्टिकवाले. आता दुकान त्यांचा जावई बघतो, स्वतः फिरतात. मागच्या महिन्यात समुद्र बघून आले. गाल कसे टरारलेत.

मी संधी सोडते काय! म्हटलं, "भावोजी, गॅस तिप्पट झालाय. तुमची भट्टी उगाच विझली. जरा दम धरला असता तर?"

भावोजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, मी गॅसला घाबरलो असं तुम्हाला अजून वाटतं?"

"मग?"

"मला त्या फुंकणीचा वीट आला होता. तसं सांगितलं असतं तर दादाने सोडलं असतं मला? ते चित्र पेपरात आलं, मी म्हटलं, देव पावला!"

आणि खो खो हसले. मला नाही हसू आलं. मुलाचं "बरं झालं" आठवलं. सुनेचं "अजून वीस वर्षं" पण.

यांनी तो कोळसा आणला, तेव्हा यांच्या मनात — जाऊ दे. गेलेल्या माणसाला काय विचारायचं. जिवंत आहे त्याला विचारावं.

२० जानेवारी

दुपारी भट्टीवर गेले. मुलगा काचेचा जग फुंकत होता. फुंकताना बोलू नये, थांबले. गाल फुगलेले, डोळे लालभडक. पन्नाशी उलटली याची. रोज बघते, आज बघितला.

जग बाजूला ठेवल्यावर म्हटलं, "गॅस आहे म्हटल्यावर तुझं तोंड का पडलं रे?"

"कुठे पडलं?"

"मला सांगतोस? गणितात नापास झालास तेव्हा हेच तोंड घेऊन घरी आला होतास."

हसला जरासा. मग फुंकणी भिंतीला टेकवली. म्हणाला, "तू म्हणशील, आजोबांची भट्टी, बाबांची भट्टी, आणि यालाच जड झाली."

"झाली का?"

"झाली."

मग धबधबाच. पोरीच्या लग्नात पानावरून उठला, आच बघायला. बायकोला घेऊन एका गावी मुक्कामाला गेला नाही, कोणीतरी भट्टीपाशी हवंच. "गॅस संपला असता तर कोणाला वाईट वाटलं नसतं. तुला पण नाही. मी तर वाटच बघत होतो, आई."

"देवाने तोंड कशाला दिलंय?"

"तुझ्यापुढे चालत नाही ते."

घ्या! हसले.

म्हटलं, "अरे गाढवा, घाबरून पळायचं नाही एवढंच माझं म्हणणं होतं. घाबरला नसशील तर पळ की खुशाल! पण मला नकोय म्हणून सांग. गॅसच्या नावाने रडू नकोस."

"मग मी करू काय पुढे?"

"ते मला काय ठाऊक!"

"मला पण नाही."

पन्नाशी उलटली आणि ठाऊक नाही! पण चेहरा कसा सैल झाला होता.

सून दाराआड उभी होती, मला माहीत होतं. आतून म्हणाली, "आई, चहा टाकू?" आमचा दुपारचा चहा होऊन गेला होता. म्हटलं, टाक.

२१ जानेवारी

टायरवाल्याला परत बोलवायला लागणार. आता भाव पाडणार मेला.

२ फेब्रुवारी

मुशीतली काच उपसून काढली. आच रोज थोडी थोडी उतरवली. आज सकाळी बंद. गॅस भरपूर होता!

दुपारी पडले होते. भट्टीचा घों घों आवाज नाही, कान कसेतरीच होतात. मग पलीकडच्या खोलीतून दुसरा आवाज सुरू झाला. मुलगा घोरत होता, भर दुपारी.

इतक्या वर्षांत ऐकूच आलं नव्हतं. अगदी बापासारखा घोरतो.